महाडीबीटी: नोटीस लावूनही फॉर्म का येत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातलं अनुदानित महाविद्यालय आहे. बीए, बीकॉम, बीएस्सी आणि जोडीला विनाअनुदानित बीसीए. महाडीबीटीचं, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं, काम यंदा ज्या प्राध्यापकांच्या गळ्यात पडलं आहे, ते विचारतात: फलकावर नोटीस लावली, व्हॉट्सॲप गटावर टाकली, वर्गात जाऊन सांगितलं. तरी पात्र मुलांपैकी बरीच फॉर्म भरतच नाहीत, आणि भरलेल्यांतले बरेच परत येतात. मग माहिती द्यायची तरी कशी?

तुमच्या नोटिशीत बहुधा असं काहीतरी असेल: ‘सर्व मागासवर्गीय व ईबीसी विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरणे सुरू झाले असून विहित मुदतीत आवश्यक कागदपत्रांसह अर्ज सादर करावेत.’ या वाक्यात चूक काही नाही, पण त्याचा उपयोगही नाही. कागदपत्रं कुठली, मुदत कुठली, आणि मुख्य म्हणजे यात मी बसते का, हे वाचणाऱ्या मुलीला कळत नाही. तिची जात ओबीसी, वडील एसटीत चालक, आईच्या नावावर दीड एकर. ती ओबीसीच्या योजनेत जाते की ‘ईबीसी’च्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या, हे तिनं पोर्टलवरची पन्नासेक नावं वाचून ठरवावं अशी आपली अपेक्षा असते. ती ठरवत नाही. मैत्रिणीनं जी योजना भरली तीच तीही भरते, किंवा सोडून देते.

तेव्हा योजना सांगत बसू नका. प्रत्येकाला त्याची योजना, त्याला आणायचा पुढचा कागद आणि तारीख सांगा. यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. प्रवेशअर्जाला जोडलेलं अर्धं पान आणि लिपिकाची चार संध्याकाळची मेहनत पुरते.

त्या अर्ध्या पानावर काय विचारायचं? कायम रहिवास कुठल्या राज्याचा. प्रवर्ग कोणता, आणि जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र यांपैकी हातात काय आहे. आईवडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न: अडीच लाखांच्या आत, अडीच ते आठ, की आठच्या वर. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, की संस्थास्तरावर. राहायला घरी, वसतिगृहात की भाड्याच्या खोलीत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे का. बारावी किंवा मागची परीक्षा झाल्यापासून खंड पडला आहे का. शेवटचा प्रश्न, आधारला जोडलेलं बँक खातं कुठल्या बँकेत. हा शेवटचा प्रश्न मुलं बेधडक चुकीचा सोडवतात, त्यावर पुढे येतो.

या उत्तरांवरून वर्गवारी करता येते. अनुसूचित जातीचा विद्यार्थी, उत्पन्न अडीच लाखांपर्यंत: भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे फीही आणि भत्ताही. उत्पन्न त्याहून जास्त: फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती, भत्ता नाही. अनुसूचित जमातीचंही साधारण तसंच, फक्त खातं आदिवासी विकासचं. विमुक्त-भटके, विशेष मागास आणि ओबीसी: कमी उत्पन्न असेल तर शिष्यवृत्ती, नाहीतर नॉन-क्रिमिलेअरसह आठ लाखांपर्यंत फी प्रतिपूर्ती. यात ओबीसी मुलाला पन्नास टक्के मिळते. खुला प्रवर्ग, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास): आठ लाखांपर्यंत राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, हिलाच सगळे ईबीसी म्हणतात. मुलग्यांना त्यातही निम्मी फी.

मुलींबाबत ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय वेगळा सांगायलाच हवा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के मिळतं. गावात याचं रूपांतर ‘मुलींना सगळं शिक्षण फुकट’ असं झालं, आणि तिथून भांडणं सुरू झाली. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस, गणवेश यात नाही. संस्थास्तरावरची जागा यात नाही. तुमच्या बीसीएसाठी हे महत्त्वाचं आहे, कारण २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, कक्षेत आले आणि त्यांना सीईटी ही प्रवेश परीक्षा व कॅप लागू झालं. सीईटी न देता रिकाम्या जागेवर आलेल्या मुलीला जुलैतच तोंडावर सांगा की तिला ही सवलत नाही. फेब्रुवारीत फॉर्म बाद झाल्यावर सांगितलं तर तिचे वडील तुमच्या टेबलासमोर उभे राहतील, आणि त्यांचं चुकलेलं नसेल.

वर्गवारी झाली की चिठ्ठी. एका ए-फोर कागदावर चार मावतात. उदाहरणार्थ:

‘रोल नं. ४७. तुमची योजना: फी प्रतिपूर्ती, ओबीसी, मुलगी. विभाग: इतर मागास बहुजन कल्याण. तुमच्याकडे नाही ते: चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला; नॉन-क्रिमिलेअर. दोन्हीसाठी सेतू केंद्रात जाताना न्या: वडिलांचा फॉर्म १६, सातबारा, रेशन कार्ड, आधार. हे १५ जुलैपर्यंत. नंतर संगणक कक्षात फॉर्म भरायला तुमच्या तुकडीचा दिवस: २२ जुलै, दुपारी २. आधारला जोडलेला मोबाइल सोबत हवा.’

एवढंच. योजनेचा उद्देश, शासन निर्णयाचा क्रमांक, अटी व शर्ती यांना या चिठ्ठीत जागा नाही. ज्याला जीआर वाचायचा आहे त्याच्यासाठी तो ग्रंथालयात फाइल करून ठेवा.

एक पथ्य पाळा. ही वर्गवारी कॉलेजच्या कपाटात राहिली पाहिजे. प्रवर्गनिहाय याद्या नावांसकट फलकावर लावणं, किंवा दीडशे जणांच्या व्हॉट्सॲप गटावर पीडीएफ टाकणं, ही वाईट सवय आहे. ‘एससीवाल्यांनी थांबा, बाकीचे जा’ हे वर्गात म्हणणं त्याहून वाईट. अशा वाक्यानंतर दोन-चार मुलं फॉर्मच भरत नाहीत, आणि का भरला नाही हे कधी सांगतही नाहीत. यादी लावायचीच तर रोल नंबरची लावा. चिठ्ठी सगळ्या वर्गाला द्या. ज्याला काहीच लागू नाही त्याच्या चिठ्ठीवर ‘केंद्राच्या पोर्टलवरील गुणवत्ता शिष्यवृत्ती पाहा’ एवढं लिहा. म्हणजे कोणाच्या हातात कागद आहे आणि कोणाच्या नाही, यावरून काही कळत नाही.

आता वेळेचं. नोटीस लागते पोर्टल सुरू झाल्यावर, आणि दाखल्यांची धावपळ सुरू होते त्यानंतर. हे उलटं हवं. उत्पन्नाच्या दाखल्याला लोकसेवा हक्क अधिनियमाखाली पंधरा दिवसांची मुदत आहे. पण जून-जुलैत सगळा तालुका एकाच वेळी सेतूवर असतो, सर्व्हर बसतो, तलाठ्यांचा अहवाल अडतो. दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो आणि त्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं छापलेलं असतं. फेब्रुवारीत हुशारीनं काढून ठेवलेला दाखला जूनमध्ये रद्दी ठरतो. म्हणून सांगायची तारीख आहे १ एप्रिलनंतरची, आणि सर्वांत मोकळा महिना एप्रिलच. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून काढलेल्या दाखल्यावरचा बारकोड क्रमांक महाडीबीटीत टाकला की माहिती आपोआप ओढली जाते. जुन्या हस्तलिखित दाखल्याचं तसं होत नाही. महसूल खात्याच्या महाराजस्व अभियानात तहसीलदार महाविद्यालयात दाखल्यांचं शिबिर घेतात. प्राचार्यांच्या सहीचं पत्र मार्चअखेर दिलं तर एप्रिलमधली तारीख मिळू शकते. जूनमध्ये पत्र दिलं तर मिळणार नाही.

नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला या दोन गोष्टी आहेत, आणि मुलं एक आणून दुसरीच्या जागी लावतात. नॉन-क्रिमिलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरण्याचे नियम वेगळे आहेत, तीन वर्षांचा विचार होतो. त्यामुळे एखाद्या शिक्षकाच्या मुलीकडे वैध नॉन-क्रिमिलेअर असतं आणि तरी कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या वर असतं. तिला फी प्रतिपूर्ती नाही. हे समजावून सांगताना ‘क्रिमिलेअर’ शब्दावर वेळ घालवू नका. ‘हा दाखला जागेसाठी, तो दाखला पैशांसाठी’ एवढं सांगितलं की कळतं.

जात वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी ती लागतेच, आणि समितीकडे अर्ज बारावीत असतानाच जायला हवा. कुटुंबात आधी कोणाला वैधता मिळालेली असेल, काका, आत्या, सख्खं भावंड, तर ती प्रत जोडल्यानं काम बरंच हलकं होतं. नसेल तर जुने पुरावे शोधावे लागतात: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुना फेरफार, खरेदीखत. ही शोधाशोध दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर होते, प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. त्यामुळे ही एक सूचना अकरावी-बारावीच्या वर्गात दिवाळीपूर्वी द्यायची.

आता बँक खातं. सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात आणि याबद्दल सगळ्यात कमी सांगितलं जातं. मुलगा पासबुकाची झेरॉक्स देतो आणि म्हणतो, ‘सर, आधार लिंक आहे.’ बँकेनं केवायसीसाठी आधार घेतलेलं असतं, तेवढंच. महाडीबीटीचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या नोंदीत त्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव आहे त्या बँकेत ते पडतात. त्या नोंदीत एका वेळी एकच बँक असते, शेवटी जोडलेली. सातवीत असताना शाळेनं उघडलेलं खातं, सिम घेताना दुकानदारानं मोबाइलवर उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातं, आईसोबतचं जुनं खातं, यांपैकी कुठलंही तिथे असू शकतं. मग राज्य म्हणतं पैसे गेले, मुलगा म्हणतो आले नाहीत, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तपासणं सोपं आहे. माय आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहायचं. तिथे बँकेचं नाव आणि नोंद चालू की बंद, हे दोन मिनिटांत दिसतं. लॉगिनला आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी लागतो. तो नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात नंबर बदलून घ्यायचा. पंधराव्या वर्षानंतरचं बायोमेट्रिक अद्ययावत करणंही अनेकांचं राहिलेलं असतं, तेही त्याच फेरीत उरकून घ्यावं. हवी ती बँक जोडायची असेल तर शाखेत जाऊन सीडिंगचा संमतीपत्राचा फॉर्म द्यायचा आणि ‘डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग’ असे शब्द वापरायचे. ‘आधार लिंक करा’ म्हटलं की काउंटरवरचा माणूस केवायसी करून मोकळा होतो. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा पाहायचं.

जोडलेलं खातं जिवंत आहे का, तेही पाहा. अल्पवयीन म्हणून उघडलेलं खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्या केवायसीशिवाय गोठतं. पूर्ण केवायसी न केलेल्या ‘स्मॉल’ खात्यात वर्षाचा एकूण भरणा एक लाखावर जाऊ शकत नाही. मर्यादा ओलांडणारी रक्कम आली की ती परत फिरू शकते. कुठे शून्य शिल्लक म्हणून उघडलेल्या खात्यांत हा प्रकार सापडतो.

नावाची गंमतही इथलीच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, बँकेत वडिलांचं नाव फक्त आद्याक्षर. हा क्रमाचा फरक सहसा चालून जातो. स्पेलिंग वेगळं, किंवा लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव आणि गुणपत्रिकेवर माहेरचं असेल, तर मात्र अडतं. लग्न झालेल्या विद्यार्थिनींना विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद आधीच काढायला सांगा. त्यांच्या उत्पन्नाचा दाखला कोणाचा धरायचा, पतीचा की वडिलांचा, हेही योजनेच्या अटीतून वाचून त्यांना चिठ्ठीवर लिहून द्या. या मुली कार्यालयात दोनदा हेलपाटा घालत नाहीत. पहिल्याच फेरीत काम झालं नाही की त्या सोडून देतात.

फॉर्म भरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सायबर कॅफेवाला स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकून प्रोफाइल करतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ना युजरनेम आठवत ना पासवर्ड. म्हणून पहिला फॉर्म कॉलेजच्या संगणक कक्षात, तुकडीला तीस जण, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर. युजरनेम ओळखपत्राच्या पाठीमागे लिहून घ्या. पोर्टलवर अर्जाला शुल्क नाही हेही तिथेच सांगा, आणि ओटीपी कोणालाही फोनवर देऊ नये हेही.

दुसरी चूक विभागाची. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती एकाच नावानं अनेक विभागांखाली दिसते: उच्च शिक्षण संचालनालय, तंत्रशिक्षण, वैद्यकीय शिक्षण, कृषी परिषद. बीएस्सीच्या मुलानं उच्च शिक्षणाखालची घ्यायची. तंत्रशिक्षणाखालची घेतली तर फॉर्म भरला जातो, पण बाद होतो. बीसीए कोणत्या विभागाकडे नोंदवलं आहे ते तुमच्या कॉलेजच्या लॉगिनमध्ये पाहून चिठ्ठीवर छापा.

तिसरी, अभ्यासक्रम यादीत सापडत नाही म्हणून जवळचं नाव निवडणं. ही मुलाची चूक दिसते, असते आपली. कॉलेजनं त्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि मंजूर फी पोर्टलवर नोंदवून मान्य करून घेतली नसेल तर मुलाला तो पर्यायच दिसत नाही. मुलांना बोलावण्याआधी एका चाचणी लॉगिनमधून सगळे अभ्यासक्रम दिसतात का ते बघा. विनाअनुदानित अभ्यासक्रमात मंजूर शिक्षण शुल्कापलीकडची रक्कम टाकली तर प्रस्ताव वर अडकतो, आणि एकाच्या नाही, सगळ्या वर्गाच्या.

चौथी, वसतिगृह की घरून ये-जा. जास्त भत्त्याच्या मोहानं ‘वसतिगृह’ निवडलं आणि कागद नसला की अख्खा फॉर्म परत. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत बीए, बीएस्सी, बीकॉमच्या गटाला वर्षाला घरून येणाऱ्यास ३,००० आणि वसतिगृहात राहणाऱ्यास ६,००० रुपये भत्ता आहे. पहिल्या गटातल्या, म्हणजे वैद्यकीय, अभियांत्रिकीसारख्या पदवीला तो ७,००० आणि १३,५०० आहे. हे आकडे मुलांना स्पष्ट सांगावेत. ‘फक्त तीन हजारांसाठी कशाला’ असं म्हणून सोडून देणाऱ्यालाही कळलं पाहिजे की भत्त्यासोबत फीही त्याच अर्जावर अवलंबून आहे. पात्र असूनही फॉर्म न भरल्यास ती फी त्याच्याच नावावर थकबाकी होते.

भाड्यानं खोली घेऊन राहणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना वेगळी आहे. शासकीय वसतिगृहाला अर्ज करून जागा न मिळालेल्यांसाठी ती आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत, लहान ठिकाणी कमी. ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम योजना याच धर्तीवर आहेत. अर्ज आणि अटी महाडीबीटीपासून स्वतंत्र आहेत. यात मुलं वसतिगृहाचा अर्जच करत नाहीत आणि थेट स्वाधार मागतात, तिथे अडतात. खोलीचा भाडेकरार लागतो, आणि विद्यार्थी त्याच गावचा रहिवासी असून चालत नाही.

पैसे येण्याबद्दल पालकांना आधीच सांगायला हवी अशी एक गोष्ट आहे. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० आणि राज्याचा ४० टक्के वाटा आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात जमा होतो, आणि त्यात कॉलेजच्या फीचाही भाग असतो. ती रक्कम आल्यापासून सात दिवसांत कॉलेजकडे भरायची असते. घरात एकदम वीस-पंचवीस हजार येतात, पेरणीचे दिवस असतात, बी-बियाण्याला जातात. यात कोणाची नियत वाईट नसते. हे पैसे फीचे आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. नंतर कॉलेज निकाल अडवतं, मुलगा दोष सरकारला देतो. म्हणून पैसे येण्याच्या सुमारास एक साधा संदेश नुसत्या वडिलांच्या नाही, आईच्याही मोबाइलवर पाठवा: ‘खात्यात शिष्यवृत्ती जमा झाली असेल. त्यातले भत्त्याचे इतके रुपये तुमचे, फीचे इतके रुपये सात दिवसांत कॉलेजात भरायचे.’ आकडे भरूनच पाठवा.

याच्या दुसऱ्या बाजूला कॉलेजचीही जबाबदारी येते. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शिक्षण शुल्क मागून ‘शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ म्हणायचं नसतं. तुमच्या फी काउंटरवर वेगळंच सांगितलं जात असेल तर तुमची सगळी चिठ्ठी फुकट जाते, कारण मुलं शिष्यवृत्ती कक्षापेक्षा काउंटरवर जास्त विश्वास ठेवतात. आधी लेखापालांशी बोलून घ्या.

फॉर्म भरला म्हणजे झालं, असं मुलांना वाटतं. अर्ज कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग जिल्हा कार्यालयाकडे जातो. कुठल्याही टप्प्यावर तो ‘सेंड बॅक’ होऊ शकतो आणि मग तो विद्यार्थ्याच्याच लॉगिनमध्ये पडून राहतो. एसएमएस येतो, पण तो कॅफेवाल्याच्या मोबाइलवर. म्हणून दर शनिवारी कॉलेजच्या लॉगिनमधून सेंड बॅकची यादी काढा आणि त्या प्रत्येकाला फोन करा, गटावर संदेश नको. फोनवर कारण सांगा: ‘तुझा उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा आहे, नवा अपलोड कर आणि पुन्हा सबमिट दाब.’ ‘पुन्हा सबमिट’ हे शब्द उच्चारा, कारण अर्धी मुलं कागद बदलून सेव्ह करतात आणि थांबतात. आणि आरसाही बघा. पुष्कळ अर्ज मुलांकडे नाही, कॉलेजच्याच लिपिकाच्या खात्यात तपासणीविना पडलेले असतात. ‘मुदतवाढ मिळतेच’ या भरवशावर ते राहतात. मुदतवाढ बहुतेकदा मिळते, हे खरं. पण ज्या वर्षी मिळत नाही, त्या वर्षी नुकसान मुलाचं होतं.

केंद्राचं राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल वेगळं. तिथे आधी एकदाच करायची नोंदणी, ओटीआर, आणि त्यासाठी मोबाइलवर चेहऱ्याची ओळख पटवावी लागते. बारावीच्या गुणांवर मिळणाऱ्या केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीला ‘ऐंशी पर्सेंटाइल’ लागतं. मुलं ते ८० टक्के समजतात आणि ७६ टक्केवाली मुलगी अर्ज करत नाही. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या बोर्डातल्या वरच्या वीस टक्क्यांत असणं. त्यासाठी लागणारे गुण दरवर्षी आणि शाखेनुसार बदलतात. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, पदवीला वर्षाला १२,०००, पदव्युत्तरला २०,००० रुपये. एआयसीटीईची प्रगती योजना मुलींना आणि सक्षम योजना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना वर्षाला ५०,००० देते, तांत्रिक पदविका-पदवीसाठी. पण एकाच वर्षी राज्याची आणि केंद्राची अशा दोन शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत. फी ९०,००० आणि पूर्ण प्रतिपूर्ती मिळणार असेल तर ५०,००० च्या मागे धावण्यात तोटा आहे. आकडेमोड मुलीसमोर कागदावर करा आणि एक निवडू द्या.

दुसऱ्या राज्यातून आलेली किंवा तिकडे गेलेली मुलंही असतात. मॅट्रिकोत्तर योजनेत नियम असा की विद्यार्थी ज्या राज्याचा कायम रहिवासी त्या राज्याकडे अर्ज करायचा, शिकतो कुठेही. गोव्याचा मुलगा सावंतवाडीत शिकत असेल तर त्याचं काम गोव्याकडे. सिंधुदुर्गची मुलगी पणजीत शिकत असेल तर तिचं महाराष्ट्राकडे.

तक्रार कुठे करायची, हेही चिठ्ठीच्या मागे छापा, कारण मुलं सगळ्याच गोष्टींसाठी समाज कल्याणात जाऊन बसतात. अनुसूचित जातीसाठी सहाय्यक आयुक्त, समाज कल्याण. अनुसूचित जमातीसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. ओबीसी, विमुक्त-भटक्यांसाठी इतर मागास बहुजन कल्याणचं जिल्हा कार्यालय. ईबीसीसाठी उच्च शिक्षण किंवा तंत्रशिक्षणाचे विभागीय सहसंचालक. जाताना अर्ज क्रमांक आणि पोर्टलवरच्या स्थितीचा छापील कागद न्यायचा. नुसतं ‘माझी स्कॉलरशिप आली नाही’ म्हटलं तर तिथला कर्मचारी काहीच शोधू शकत नाही.

यांपैकी कशातच न बसणाऱ्यासाठी केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना आहे, पण ती ठराविक दर्जेदार संस्थांपुरती आणि शेवटी कर्जच. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के सरकारी हमी, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याजसवलत. तालुक्याच्या बीएच्या मुलाला याचा उपयोग नाही. बाहेरगावी अभियांत्रिकीला निघालेल्या तुमच्या बारावीच्या मुलाला आहे.

आणि यंदाचा हंगाम हातून गेला असेल तर निदान नूतनीकरणाची यादी आत्ता काढा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची मुलं ‘मागच्या वर्षी भरला होता’ म्हणून निर्धास्त असतात. पहिल्या वर्षाच्या निकालाची गुणपत्रिका हातात देतानाच, त्याच काउंटरवर, त्यांच्या हातात नूतनीकरणाची चिठ्ठी द्या: नवी गुणपत्रिका, उपस्थिती ७५ टक्के, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आणि जुनंच युजरनेम, नवं प्रोफाइल काढायचं नाही.